दुकानाची पायरी आणि कुजलेला खांब: एकाच दुरुस्तीवर दोनदा पैसे का गेले?



परवाच्या व्हिडिओत मी एका जुन्या फोनवरचं शूटिंग दाखवलं होतं. माझ्या दुकानाच्या दर्शनी खांबाला, जमिनीलगत, मी साधा स्क्रू ड्रायव्हर टेकवते आणि तो शिजलेल्या सुरणात घुसावा तसा दोन इंच आत जातो. व्हिडिओ दहा मिनिटांचा होता, त्यात पूर्ण हिशेब आणि कामाची पद्धत सांगता आली नाही. ती इथे सविस्तर लिहिते आहे. जुन्या बाजारपेठेत, लाकडी घरात दुकान भाड्याने घ्यायचा विचार करत असाल तर हे शांतपणे वाचा, कारण यातली पहिली चूक माझी स्वतःची आहे आणि ती मी बीबीएची पदवी हातात असताना केली आहे.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. सावंतवाडीतलं जुनं घर. बाजूच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, पण रस्त्याकडची सगळी बाजू लाकडाची: चार खांब, त्यांच्यावर तुळई, खाली उंबरठा, वर माडी आणि कौलं. शटर नाही, फळ्यांचं दार. एकेक फळी खाचेत सरकवायची, प्रत्येकीवर नंबर. लाकडी खेळण्यांसाठी ज्या गावाचं नाव घेतात तिथे अशा घराचं मला कौतुक वाटणारच. २०१७ मध्ये मी ते महिन्याला ५,००० रुपये भाड्याने घेतलं. काजू, कोकम, मसाले, पापड असा माल.

आणि दाराशी एक सिमेंट काँक्रीटची पायरी. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, चांगली भक्कम. मला वाटलं, वा! गिऱ्हाइकाला चढायला सोपं, वर उभं राहून माल बघायला जागा. जागा घेताना मी भाडं, डिपॉझिट, लाइट मीटर, समोरची पार्किंग, सगळं विचारलं. पायरी कुठे टेकली आहे हे मात्र बघितलं नाही.

पहिली दुरुस्ती: ११,५०० रुपये पाण्यात

दुसऱ्या पावसाळ्यानंतर उजवीकडची सातवी फळी बसेनाशी झाली. आधी वाटलं, लाकूड पावसात फुगतं, होतं असं. मग दिवाळी गेली, थंडी आली, तरी फळी अडतच होती. म्हणजे फळी फुगली नव्हती, खांब खचला होता. उंबरठ्यावर पाय दिला की तो दबायचा.

मे २०१९ मध्ये घाईघाईने काम काढलं. उंबरठ्याचा कुजलेला भाग बदलला, खांबाच्या तळाला बाहेरून लाकडाची पट्टी ठोकली, पायरी आणि लाकूड यांच्यातली फट सिमेंटने बुजवली, वरून सिलिकॉन मारलं आणि सगळ्याला दोन हात ऑइलपेंट. दुकान नव्यासारखं दिसायला लागलं. मी फोटोसुद्धा टाकले होते.

मधली दोन वर्षं लॉकडाऊनची. दुकान कधी उघडं, कधी बंद, खाली वाकून बघायला कुणाला वेळ होता! सप्टेंबर २०२१ मध्ये जमिनीलगत ठेवलेल्या खोक्यातले काजू सादळलेले निघाले. ७,२०० रुपयांचा माल मला घरी खायला आणि वाटायला न्यावा लागला. खोकं उचललं तर मागचा नवा उंबरठा काळा पडलेला. रंग शाबूत आणि आतलं लाकूड भुसा. तेव्हा घेतलं ते स्क्रू ड्रायव्हरचं शूटिंग.

या वेळी मी दुसऱ्या मेस्त्रींना बोलावलं. वय सत्तरच्या पुढे, कोकणातल्या जुन्या घरांची कामं केलेले. त्यांनी खांबाकडे बघितलंसुद्धा नाही. बादलीभर पाणी मागितलं, पायरीवर ओतलं आणि बिडी पेटवून बसले. पाणी रस्त्याकडे न जाता हळूहळू दुकानाकडे आलं आणि उंबरठ्याच्या फटीत दिसेनासं झालं. म्हणाले, "बाय, लाकूड कितीय बदल. पाणी खंयसून येता ता आधी बघूक व्हया."

माझ्या ११,५०० रुपयांची चूक त्यांनी एका बादलीत दाखवली.

पायरी लाकूड कुजवते कशी?

काँक्रीट आपल्याला दगडासारखं वाटतं, पण त्यात बारीक छिद्रं असतात. ओल्या जमिनीवर ठेवलेलं काँक्रीट दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतं. त्याला लाकूड चिकटून असेल तर ती ओल लाकडात जाते. खांबाचं आडवं कापलेलं तोंड, म्हणजे तळाचा भाग, सगळ्यात जास्त पाणी पितं.

दुसरं म्हणजे लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. काँक्रीट त्या प्रमाणात हलत नाही. त्यामुळे दोघांमध्ये केसाएवढी फट पडतेच, कितीही बुजवा. त्या फटीत पाणी शिरायला जागा असते, पण वाळायला हवा पोचत नाही. मी वरून सिलिकॉन आणि ऑइलपेंट मारून काय केलं? कुठून तरी शिरणारं पाणी शिरतच राहिलं, बाहेर पडायची वाट तेवढी बंद झाली. हौसेने केलेल्या त्या कामाने कुजणं वाढलं.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला लाकूड, हवा, ऊब आणि ओल लागते. पहिल्या तीन गोष्टी आपल्याकडे बारा महिने आहेत, आपल्या हातात फक्त ओल आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर लाकूड सुरक्षित समजतात. ती २८-३० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचं फावतं. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत नुसत्या दमट हवेनेच चांगलं कोरडं लाकूडही १८ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे आपल्याकडे चुकीला जागाच थोडी. त्यात पायरीने थेट पाणी पाजलं की संपलं. शिवाय ओल्या लाकडाला वाळवी लागायला वेळ लागत नाही, आणि पायरीमागच्या अंधाऱ्या फटीतून ती जमिनीतून वर येते तेव्हा बाहेरून काही दिसत नाही.

आमच्या पायरीत तीन दोष एकत्र होते. ती लाकडाला चिकटून ओतलेली होती, खालची भर बसल्यामुळे तिचा उतार आत झाला होता, आणि कौलांच्या पागोळ्या नेमक्या तिच्यावर पडून लाकडावर उडत होत्या. पन्हळ कधीकाळी होती म्हणे, आता फक्त तिचे गंजलेले हूक उरले होते.

पायरी फोडायची, पण आजींना कोण सांगणार?

आमच्या घरमालकीण आजी माडीवर राहतात. पायरी फोडायची म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "ती पायरी ह्येंनी घातलेली. तिका हात लावूचो नाय." पायरीच्या कोपऱ्यात आजोबांनी ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने १९८७ लिहिलं होतं आणि शेजारी तांब्याचा एक पैसा बसवला होता. मी चार वर्षं रोज त्या कोपऱ्यावर चपला काढत होते, मला तो पैसा दिसला नव्हता.

इथे दोन मिनिटं थांबते, कारण धंद्यात हा प्रसंग तुमच्यावर वेगवेगळ्या रूपात येणार आहे. माझ्याकडे कायद्याचा मुद्दा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. त्यांनी केलं नाही तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. माझं वर्षाचं भाडं ६०,०००, म्हणजे मर्यादा १५,०००.

(हे दरमहा पावतीच्या भाडेकरूसाठी. तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवर असाल तर या तरतुदीवर विसंबू नका. करारात काय लिहिलंय तेच तुमच्या कामाचं, म्हणून सही करण्याआधी दुरुस्तीचं कलम वाचा. आणि याच कायद्यात कलम १६ आहे: घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमचं बांधकाम केलं तर जागा खाली करून मागायला ते कारण ठरू शकतं. "आपणच एक पायरी ओतून घेऊ, कोण विचारतंय" असं अजिबात करू नका.)

नोटीस मी टाइप करून ठेवली होती, पाठवली नाही. ऐंशीच्या पुढच्या बाईंना, ज्या मला पावसात वरून गरम पेज पाठवतात, त्यांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवायचं? त्याऐवजी मी त्यांना हात धरून खाली आणलं, स्टुलावर बसवलं आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, आजी, तुम्हीच टोचून बघा. त्यांनी टोचलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वर तुळईकडे बघितलं. त्या खांबावरच्या तुळईवर त्यांची झोपायची खोली आहे.

मेस्त्री म्हणाले, कोपऱ्याचा तुकडा आपण कटरने आधी कापून अखंड काढू. त्यावर आजी तयार झाल्या. तो तुकडा आता मागच्या परसात तुळशीपाशी आहे.

पैशांचं त्याच दिवशी कागदावर लिहिलं. लाकूड, सुतारकाम आणि टेकू घराचं, म्हणून आजींकडे. पायरी, फोडकाम, पन्हळ आणि किरकोळ सामान दुकानाच्या सोयीचं, म्हणून माझ्याकडे. त्यांचा भाग मी आधी भरायचा आणि दरमहा ठरावीक रक्कम भाड्यातून कापायची. मुंबईच्या मुलाला फोन करून वाचून दाखवलं, दोघींच्या सह्या, मेस्त्री साक्षीदार. नातं चांगलं असतं तेव्हाच कागद करायचा, बिघडल्यावर तो कुणी करत नाही.

काम जानेवारीत का काढलं?

मे महिन्यात कोकणात प्रत्येक मेस्त्री कौलं चाळायच्या कामावर असतो आणि माझ्या दुकानात मुंबईकर चाकरमान्यांची गर्दी असते. पहिल्या वेळी मी नेमका तोच महिना धरला होता. या वेळी नाताळ-नवीन वर्षाचे पर्यटक गेल्यावर, जानेवारी २०२२. लाकूड सुकलेलं, मेस्त्री मोकळे, विक्री मंद.

सगळ्यात आधी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू आणि जॅक. हे काम बघून बघून स्वतः करायचं नाही, वर माणूस राहतो. भार टेकूंवर आल्याशिवाय मेस्त्रींनी खांबाला करवत लावली नाही. मग पायरी फोडली.

आणि खाली काय निघालं? काळ्या दगडाचा तळखडा. चांगला नऊ इंच उंच, वर खांब बसवायला खाच. घर बांधणाऱ्यांनी लाकूड जमिनीपासून उचलूनच ठेवलं होतं! रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, दुकान खाली गेल्यासारखं झालं, म्हणून आजोबांनी पायरी वाढवली आणि ओतताना काँक्रीट तळखड्यावरून पुढे खांबाला चार इंच चढलं. तेवढीच चार इंच. मेस्त्रींनी तळखडा ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाले, हा माझ्या आज्याच्या हातचा असेल.

खांबाचा तळाचा दीड फूट भाग कापला. तिथे पाडलेल्या घरातून आणलेल्या जुन्या सागाचा तुकडा खाच जुळवून, बोल्ट मारून बसवला. उंबरठा नवा. कापलेल्या सगळ्या तोंडांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण पाजलं, ते पावसात धुपतं म्हणून सुकल्यावर वरून काजूच्या टरफलांचं तेल. होड्यांना लावतात तेच. आमच्याच धंद्यातलं तेल, पण ते अंगावर पडलं की कातडी भाजते, जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नका. ऑइलपेंट या वेळी नाही. वाळवीसाठी जमिनीत औषध टाकायचं काम पेस्ट कंट्रोलवाल्यांचं आहे, आमच्याकडे वाळवी नव्हती म्हणून ते केलं नाही.

नवी पायरी घराला चिकटत नाही. दोन बाजूंना चिऱ्यांचे बुटके ओटे, त्यांच्यावर कडाप्पा. खालून हवा खेळते आणि दोन माणसांनी लाद्या उचलल्या की तळ साफ करता येतो. लाकूड आणि पायरी यांच्यात दोन इंच मोकळी जागा, तिच्यात खडी, खडीखालून पाणी गटाराकडे. गिऱ्हाइकाची चप्पल किंवा काठी अडकू नये म्हणून वर लोखंडी जाळी, उचलता येणारी. उतार रस्त्याकडे, दीड फुटाला साधारण अर्धा इंच. एक उंच पायरी होती तिथे सहा-सहा इंचांच्या दोन केल्या, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी पहिल्याच आठवड्यात नावाजलं. पायरी आपल्या हद्दीतच आहे ना हे आधी मोजून घ्या. गटारावर आली तर नगरपरिषद अतिक्रमण म्हणून ती उचलू शकते. आणि वळचणीला पीव्हीसीची पन्हळ, पाणी कोपऱ्यातून पाइपने खाली.

हिशेब

फोडकाम आणि राडारोडा उचलणं ३,५००. सुतारकाम ६,४००. लाकूड ५,८००. टेकू-जॅकचं भाडं १,०००. पायरी, गवंडीकामासकट ६,७००. पन्हळ २,९००. बोल्ट, औषध, तेल वगैरे १,२००. एकूण २७,५०० रुपये. त्यातला आजींचा भाग १३,२००, म्हणजे दरमहा १,१०० प्रमाणे बारा महिन्यांत वळता झाला. माझा १४,३००.

आता दुकान सहा दिवस बंद, त्याचा तोटा किती? माझ्या बॅचमध्ये हा प्रश्न विचारला की दहातले आठजण म्हणतात: रोजची विक्री ६,०००, म्हणून ३६,०००. चूक. माल विकला गेला नाही, पण तो गोदामात आहेच. गेला तो फक्त नफ्याचा भाग. माझं मार्जिन २५ टक्के, म्हणजे दिवसाला १,५०० आणि सहा दिवसांचे ९,०००. त्यातही मी बाजूच्या बोळात टेबल लावून दिवसाला सरासरी २,६०० रुपयांची विक्री केली, त्यातून ३,९०० सुटले. म्हणजे खरा तोटा ५,१००. "दुकान बंद ठेवायला परवडत नाही" म्हणून लोक अशी कामं वर्षानुवर्षं ढकलतात, आणि परवडत नाही तो आकडा त्यांनी कधी काढलेलाच नसतो.

पहिल्या वेळचे ११,५०० आणि खराब माल ७,२०० धरले तर बादलीभर पाणी न ओतल्याची किंमत १८,७०० रुपये झाली.

जागा बघायला जाताना

खिशात स्क्रू ड्रायव्हर ठेवा. मालकाची परवानगी घेऊन उंबरठा आणि खांबाचा तळ टोचून बघा, त्याच्या मुठीने वाजवून बघा. पोकळ आवाज येतो तिथे थांबा. ताजा रंग फक्त खालच्या एक फुटाला असेल तर विचारा, का? जमलं तर जागा जुलैत बघा, एप्रिलमध्ये सगळीच घरं चांगली असतात. पायरी, ओटा, फरशी, मातीची भर, जे काही लाकडाला टेकलंय त्यावर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर मी दीड हजारात ऑनलाइन घेतलं, पण स्क्रू ड्रायव्हरने नव्वद टक्के काम होतं.

पायरी दिसली की लगेच फोडायलाही जाऊ नका. ती लाकडापासून सुटी असेल, उतार बाहेर असेल तर ती बिचारी काही करत नाही. चिकटलेली आहे पण लाकूड अजून टणक आहे असं असेल, तर कटरने लाकडालगतची दोन इंचांची पट्टी कापून काढली आणि पाण्याला बाहेर वाट दिली तरी बऱ्याचदा भागतं. ते एका दिवसाचं काम आहे.

माझा उजवा खांब गेल्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, तळाशी १९ टक्के होता. डावीकडचा खांब आमच्या आणि शेजारच्या शिलाईच्या दुकानाच्या मध्ये आहे. त्यांची पायरी त्याच वर्षीची, तशीच ओतलेली. तिथे मीटर २६ दाखवत होतं, लाकूड अजून टणक आहे. टेलरकाका म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मी त्यांच्या पायरीवर बादली ओतून दाखवली आहे, पाणी आत जाताना त्यांनी बघितलं आहे. या दिवाळीनंतर आजींना घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे. पट्टी कापायला कटरवाल्याने १,८०० रुपये सांगितलेत, निम्मे मी देते म्हटलंय.